‘खास व्यक्ती म्हणजे कोण, मॅडम?’ : सामाजिक आधाराची मापनी मराठीत तपासताना

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेच्या जिन्यात बसून मी एका मुलाला सामाजिक आधार मोजणारी प्रश्नावली, म्हणजे मापनी, मोठ्याने वाचायला सांगितली होती. पहिलंच विधान होतं, ‘मला गरज असते तेव्हा जवळ असणारी एक खास व्यक्ती आहे.’ तो थांबला. जिन्याखाली वाकून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि हळूच म्हणाला, “मॅडम, खास म्हणजे... गर्लफ्रेंड का? मग नाही लिहितो. घरी कळलं तर?” थोड्या वेळाने मी त्यालाच विचारलं, रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करशील? “मामेभावाला. सिडकोत राहतो, लगेच गाडी काढून येतो.”

म्हणजे आधार होता, आणि चांगला भक्कम होता. पण कागद नुसता हातात दिला असता, तर त्या विधानापुढे १ वर, म्हणजे ‘मुळीच नाही’वर, गोल करून तो मोकळा झाला असता. मग आम्ही संगणकावर अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढला असता, तो बरा आला असता आणि प्रबंधात ‘मापनी विश्वसनीय आढळली’ असं वाक्य पडलं असतं.

एम.ए.च्या मुलामुलींना लघुप्रबंधासाठी मापनी तपासायला मदत करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. मापनी तपासण्याचं निम्मं काम आकडे येण्याआधीच संपलेलं असतं, किंवा बिघडलेलं असतं. म्हणून या लेखात शब्दांवर जास्त वेळ घालवणार आहे. संख्याशास्त्र येईलच, पण त्याच्या पाळीने.

आधी ठरवा : मोजायचं काय?

मिळालेली मदत वेगळी आणि जाणवणारा आधार वेगळा. गेल्या महिन्यात कुणी किती पैसे दिले, किती वेळा डबा आणून दिला, ही झाली मिळालेली मदत. ‘वेळ आली तर माझं माणूस उभं राहील’ ही खात्री म्हणजे जाणवणारा आधार. दोन्हींचा संबंध आपल्याला वाटतो तितका घट्ट नाही. २००७ साली अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात या दोन्हींमधला सरासरी सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३५ च्या आसपास निघाला. त्यामुळे प्रस्तावनेत ‘मदत मिळते का’ असं लिहायचं आणि मापनी मात्र ‘वाटतं का’ विचारणारी घ्यायची, हा घोळ पहिल्याच पानावर टाळा.

विद्यार्थ्यांसाठी सर्रास वापरली जाते ती एमएसपीएसएस (मल्टिडायमेन्शनल स्केल ऑफ पर्सीव्ह्ड सोशल सपोर्ट) ही जाणवणाऱ्या आधाराची १२ विधानांची मापनी. ग्रेगरी झिमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या २७५ पदवी विद्यार्थ्यांवर ती तपासलेली होती. तिच्यात घरचे, मित्र आणि ‘खास व्यक्ती’ अशा तीन उपश्रेण्या आहेत, प्रत्येकी चार विधानांच्या. खास व्यक्तीची विधानं १, २, ५, १०. घरच्यांची ३, ४, ८, ११. मित्रांची ६, ७, ९, १२. उत्तर सात बिंदूंवर द्यायचं असतं. मूळ अभ्यासात पूर्ण मापनीचा अल्फा ०.८८ आला होता आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरून घेतल्यावर सहसंबंध ०.८५.

पर्याय आहेत. प्रोसिडानो आणि हेलर यांच्या १९८३ च्या मापनीत घरच्यांसाठी २० आणि मित्रांसाठी २० विधानं आहेत, उत्तर हो, नाही किंवा माहीत नाही. कट्रोना आणि रसेल यांची १९८७ ची मापनी २४ विधानांची आहे. आधाराचे सहा वेगवेगळे प्रकार ती मोजते. तुमचा प्रश्न ‘कोणाकडून आधार’ असा असेल तर एमएसपीएसएस घ्या, ‘कसला आधार’ असा असेल तर दुसरीकडे बघा. ‘सगळे हीच वापरतात’ म्हणून घेतली, तर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हाच प्रश्न विचारतील आणि तुम्ही गप्प बसाल.

एमएसपीएसएस वापरायला पैसे लागत नाहीत, मूळ लेखकांचा उल्लेख मात्र हवा. तरीही मराठी भाषांतर करण्याआधी लेखकांना एक ईमेल टाका आणि मराठीत आधी कुणी केलं आहे का ते विचारा, शोधा. आयतं भाषांतर मिळालं तर ते वापरा, पण जिन्यात बसून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचं काम चुकवू नका. पुणे-मुंबईच्या मुलांसाठी बसलेला शब्द सुरगाण्याच्या मुलीला बसेलच असं नाही.

परवानग्या

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, प्राचार्यांचं पत्र आणि विद्यार्थ्याची लेखी संमती, एवढं तर लागतंच. पण एक खाच आहे. प्रथम वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुलं सर्रास असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे, आणि संशोधनाच्या नीतिनियमांतही अशा वेळी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार असं दोन्ही मागतात. पालक पेठ किंवा कळवणमध्ये, मूल नाशिकच्या वसतिगृहात. सही आणायला दोन आठवडे जातात. जमत नसेल तर सरळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांवर काम करा. ‘अठरा पूर्ण’ ही अट नमुन्याच्या व्याख्येतच घाला.

भाषांतर : इथेच थांबा, घाई करू नका

रिवाज असा : दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, बसून एक मसुदा ठरवायचा, मग मूळ मापनी न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही उलट-भाषांतराची पद्धत चांगलीच आहे. पण तिच्यावर विसंबून राहू नका. ‘भावनिक साहाय्य’ हा शब्द उलट नेला की अगदी बिनचूक मूळ इंग्रजी शब्द हाती येतो. परीक्षक खूश. प्रत्यक्षात एकही मुलगा ‘मला घरून भावनिक साहाय्य मिळतं’ असं आयुष्यात म्हणत नाही. तो म्हणतो, ‘घरचे धीर देतात.’ उलट-भाषांतर पुस्तकी शब्दांना उत्तीर्ण करतं आणि बोलीतल्या शब्दांना नापास. म्हणून मी ते करून घेते, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो.

मराठीत हमखास अडणाऱ्या काही जागा सांगते.

पहिली जागा, क्रियापदाचं लिंग. ‘मी घरच्यांशी बोलू शकतो/शकते’ असं तिरकी रेघ मारून बारा वेळा लिहिलं की कागद अर्ज भरल्यासारखा दिसायला लागतो. ‘शकतो’ एवढंच ठेवलं तर मुलींना परकं वाटतं. त्यावर मराठीतलाच उपाय आहे : ‘मला घरच्यांशी बोलता येतं.’ लिंगाचा प्रश्न मिटला. मात्र ‘बोलता येतं’ म्हणजे जमतं की चालतं, असा नवा फाटा फुटतो. एका मुलीने मला विचारलंच, “येतं म्हणजे, परवानगी आहे का, असं?” शेवटी आम्ही ‘घरच्यांशी मोकळेपणाने बोलता येतं’ असं केलं आणि ‘मोकळेपणाने’ हा शब्द वाढवल्याची नोंद ठेवली.

दुसरी, ‘अडचण’. हा माझा सगळ्यांत मोठा धडा. ‘माझ्या अडचणी घरी सांगता येतात’ हे विधान मला इतकं साधं वाटलं होतं की मी त्यावर बोटही ठेवलं नव्हतं. दिंडोरीकडची एक मुलगी ते वाचताना अडखळली, मान खाली घातली आणि म्हणाली, “आईला सांगते. बाकी कुणाला कसं सांगणार?” तिच्या घरात ‘अडचण’ म्हणजे पाळी. तेवढ्या एका शब्दापायी विधानाचा अर्थ मुलींसाठी एक आणि मुलांसाठी दुसरा झाला असता, आणि पुढे मी ‘मुली घरच्यांशी कमी बोलतात’ असा निष्कर्ष छापून मोकळी झाले असते. आता तिथे ‘माझे प्रॉब्लेम’ आहे. शुद्ध मराठीवाल्यांनी नाकं मुरडली. मुरडू द्या.

तिसरी, ‘कुटुंब’ की ‘घरचे’? ‘कुटुंब’ म्हटलं की काहींना रेशनकार्डावरची नावं आठवतात. ‘घरचे’ जिवंत शब्द आहे, पण ज्या मामांकडे मुलगा चार वर्षं राहतोय ते घरचे की पाहुणे? सूचनेतच एक ओळ टाका : ‘घरचे म्हणजे तुम्ही ज्यांना आपले घरचे मानता ते सगळे.’ तसंच ‘मित्र’ नको, ‘मित्र-मैत्रिणी’ हवं.

चौथी, ती खास व्यक्ती. मूळ मापनीत हा शब्द मुद्दाम मोकळा ठेवलेला आहे. ती व्यक्ती कोण हे उत्तर देणाऱ्याने ठरवायचं. आपल्याकडे ‘खास’ला लगेच प्रेमाचा वास येतो. ‘विशेष व्यक्ती’ केलं तर समारंभाचा पाहुणा वाटतो. ‘जवळची व्यक्ती’ बरं, पण मग ती घरच्यांत आणि मित्रांत मिसळून जाते. आम्ही शेवटी ‘माझं हक्काचं माणूस’ घेतलं. ‘हक्काचं’मध्ये रात्री दोनचा मामेभाऊ येतो, आजी येते, शाळेतल्या बाई येतात आणि प्रेमातलं माणूसही लपूनछपून येऊ शकतं. हाच शब्द तुम्हीही घ्या असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्या मुलांकडून एखादा असा शब्द निघेपर्यंत हे विधान पुढच्या टप्प्यात जाऊ देऊ नका.

आणि एक लक्षात असू द्या. सुरगाणा-पेठकडच्या कित्येक मुलांच्या घरात कोकणा बोलली जाते, बागलाण-मालेगावकडे अहिराणी. त्यांची मराठी उत्तम असते, पण ती शाळेतून आलेली असते. रडणं, रुसणं, धीर देणं हे घरच्या भाषेत घडतं. निदान दोन-तीन अशी मुलं बोलत्या चाचणीत हवीतच.

बोलती चाचणी आणि सात चिठ्ठ्या

बोलती चाचणी म्हणजे एकेका विद्यार्थ्याला घेऊन बसायचं आणि विधान वाचताना डोक्यात काय येतं ते मोठ्याने बोलायला सांगायचं. आठ-दहा जण पुरतात, पण निवडून घ्या : मुलगे-मुली, घरून येणारे, वसतिगृहातले, पीजीत राहून मेसचा डबा खाणारे, मराठी आणि इंग्रजी माध्यमातले. प्रत्येक विधानाला तीन प्रश्न पुरे : तुझ्या शब्दांत सांग, उत्तर देताना कोण डोळ्यांसमोर आलं, दुसरा आकडा का नाही निवडला? तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. “पाचच का, सहा का नाही?” असं विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. हा प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारू नका. चहा घेत विचारा.

उत्तरांच्या सात पायऱ्यांची चाचणी वेगळी घ्यावी लागते. मूळ इंग्रजीतल्या सात छटा मराठीत आणताना बहुतेक जण ‘अतिशय तीव्र असहमत’पासून सुरू करतात. ऐकूनच तोंड कडू होतं. आमचा पहिला मसुदा असा होता : मुळीच पटत नाही, पटत नाही, फारसं पटत नाही, सांगता येत नाही, थोडंफार पटतं, पटतं, अगदी पटतं. मी हे सात शब्दप्रयोग सात चिठ्ठ्यांवर लिहिले, पत्त्यांसारखे पिसले आणि मुलांना कॉलेजच्या कट्ट्यावर कमी-जास्त क्रमाने लावायला दिले. ‘फारसं पटत नाही’ आणि ‘पटत नाही’ यांची अदलाबदल बऱ्याच जणांनी केली. आणि ‘सांगता येत नाही’ ही चिठ्ठी एका मुलाने रांगेत ठेवलीच नाही, बाजूला काढून ठेवली. म्हणाला, “ही या लाइनीत बसत नाही. हे म्हणजे उत्तर द्यायचं नाही असं झालं.” बरोबर होतं त्याचं. मधली पायरी म्हणजे ‘धड हो नाही, धड नाही नाही’. ‘माहीत नाही’ ही वेगळी गोष्ट आहे. आम्ही ‘मधेमध’ ठेवलं, टोकांना शब्द आणि मधल्या पायऱ्यांना आकडा व शब्द दोन्ही. चिठ्ठ्या पुन्हा पिसल्या, या वेळी रांग लागली.

‘सहमत’ऐवजी ‘माझ्या बाबतीत खरं’ असंही करून बघा. विधान स्वतःबद्दल असेल तर ‘पटतं’ जरा विचित्रच वाटतं. आपल्याच आईबद्दलच्या वाक्यात न पटण्यासारखं काय आहे?

तज्ज्ञांचं मत

हे पटकन उरकता येतं. मानसशास्त्राचे प्राध्यापक, समुपदेशक, मराठीचे एखादे शिक्षक यांना प्रत्येक विधान ‘आवश्यक आहे का’ ते विचारा आणि सी. एच. लॉशे यांच्या १९७५ च्या सूत्राने गुणोत्तर काढा : आवश्यक म्हणणाऱ्यांतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करायची आणि उरलेल्याला त्या निम्म्यानेच भागायचं. दहांपैकी आठ जण हो म्हणाले तर ८ वजा ५ म्हणजे ३, भागिले ५, म्हणजे ०.६०. दहा तज्ज्ञांसाठी लॉशे यांची किमान मर्यादा ०.६२ आहे. म्हणजे आठ पुरत नाहीत, नऊ हवेत. पाचच तज्ज्ञ असतील तर पाचही जणांनी हो म्हणायला लागतं. म्हणून पाचांवर भागवू नका, एक जण कुरकुरला तरी विधान जातं.

फॉर्म कुठे, कधी, कोणासमोर

आधी ३०-४० जणांवर रंगीत तालीम घ्या. वेळ मोजा (बारा विधानांना पाच मिनिटंही लागत नाहीत), छपाईच्या चुका पकडा, कोणतं विधान जास्त जण कोरं सोडतात ते बघा. तालमीतली मुलं पुन्हा मुख्य नमुन्यात घेऊ नका.

मुख्य नमुना किती? सहसंबंध नीट दिसायला ३०० च्या आसपास हवेत. घटक विश्लेषण (कोणती विधानं एका गटात, म्हणजे एका घटकात, पडतात ते बघणं) शोधक आणि पुष्टीकारक अशा दोन्ही प्रकारचं करायचं असेल तर ४०० जमवून दोन भाग पाडा.

नमुना फक्त कॉलेज रोडच्या एका वर्गाचा नको. नाशिक शहरातली मुलं, रोज सिन्नर-निफाडहून एसटीने अपडाऊन करणारी मुलं, वसतिगृहातली मुलं, यांच्यासाठी आधाराची माणसंच वेगळी असतात. अपडाऊनवाल्यांना पाचच्या बसची घाई असते. शेवटच्या तासाला फॉर्म दिलात तर सगळीकडे ६-६-६-६ गोल करून ते सीबीएस बसस्थानकाकडे पळतील. सकाळचा दुसरा तास मला चांगला वाटतो. परीक्षेचे दिवस टाळा, दिवाळीच्या सुटीच्या आधीचा आठवडा टाळा (तेव्हा घर फार गोड वाटतं). दिंडोरी-निफाडच्या मुलांचं घर द्राक्षाच्या खुड्यात अडकलेलं असताना ती वर्गात नसतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वणीच्या आसपास काही ठेवू नका. रस्तेच बंद असतील तर मुलं पोचणार कशी?

वर्गशिक्षकांना नम्रपणे बाहेर जायला सांगा. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं. बाकावर तिघे दाटीने बसलेले असताना ‘घरचे मला धीर देतात’ यावर २ कोण लिहील? एकाआड एक बसवा, नाव घेऊ नका, भरलेला फॉर्म घडी घालून स्वतःच पेटीत टाकू द्या.

गूगल फॉर्म सोपा पडतो, पण लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की ती कुठे कुठे फिरते ते कळत नाही. दुसऱ्या गावचे, कॉलेज सोडलेले, एकच जण दोनदा, सगळं येतं. करायचाच असेल तर वर्गात बसवून, क्यूआर कोड फळ्यावर लावून तिथल्या तिथे भरून घ्या.

शेवटी एक ओळ हवीच : मन फार जड झालं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मापनी साधीच आहे, पण ‘माझं हक्काचं माणूस आहे’ याला १ देताना एखाद्याच्या पोटात खड्डा पडतो. कॉलेजच्या समुपदेशकांना त्या दिवशी थांबायची आधीच विनंती करून ठेवा.

भरलेले फॉर्म

सलग एकच आकडा असलेले फॉर्म वेगळे काढा, पण डोळे झाकून फेकू नका. एमएसपीएसएसमध्ये एकही उलटं विधान (‘मला कुणी नाही’ अशा धर्तीचं) नाही, त्यामुळे सगळीकडे ७ हे खरं उत्तरही असू शकतं. वेळ, इतर प्रश्नांची उत्तरं हे बघून ठरवा आणि किती काढले ते लिहा. उपश्रेणीतल्या चारांपैकी किमान तीन उत्तरं असतील तरच सरासरी धरा. उलटी विधानं असलेली दुसरी मापनी घेतलीत तर ‘नाही’ असलेल्या विधानाला ‘मुळीच पटत नाही’ म्हणताना मुलांची दुहेरी नकारात कशी दमछाक होते ते बोलत्या चाचणीतच बघून घ्या.

मग प्रत्येक विधानाची सरासरी आणि विखुरणी बघा. घरच्यांच्या विधानांवर बहुतेक जण ६-७ वर गोळा झालेले दिसले तर मापनीचं डोकं छताला लागलं आहे. त्या विधानांवर मुलांमुलांत फरक दिसणार नाही आणि सहसंबंधही दबलेले येतील.

अल्फाचा गैरसमज

ली क्रॉनबॅक यांचा अल्फा १९५१ चा. सगळे काढतात, थोडे समजून काढतात. विधानांची संख्या वाढवली की अल्फा आपोआप फुगतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा ०.३० असला तरी १२ विधानांचा अल्फा ०.८४ येतो, चार विधानांचा ०.६३. चार विधानांवर ०.८० गाठायला सरासरी सहसंबंध ०.५० लागतो. म्हणून ‘पूर्ण मापनीचा अल्फा ०.८६’ एवढंच लिहून थांबलात तर तीन वेगळ्या गोष्टी एका गोणीत भरल्या आहेत की नाही, ते कळतच नाही. तिन्ही उपश्रेण्यांचे अल्फा वेगवेगळे द्या, सोबत ओमेगा द्या (अल्फासारखाच, पण सगळी विधानं सारख्याच वजनाची न धरणारा आकडा). जामोवी किंवा जास्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एका टिचकीवर मिळतात.

उलटही होतं. खास व्यक्तीची चारही विधानं ‘माझं हक्काचं माणूस’ याच शब्दांनी सुरू होतात. मुलं दुसरं विधान पूर्ण वाचतही नाहीत आणि तोच आकडा टाकतात. मग अल्फा ०.९३ येतो आणि आपण पेढे वाटतो. त्यातला किती भाग आधाराचा आणि किती नुसत्या सारख्या सुरुवातीचा, हे अल्फा सांगत नाही.

आणखी एक गणित करून बघाच. समजा प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १ आहे आणि विश्वसनीयता ०.८४. मापनातली प्रमाण त्रुटी म्हणजे १ वजा ०.८४, अर्थात ०.१६ चं वर्गमूळ, ०.४. एखाद्या मुलीची सरासरी ४.६ आली तर, दोन्हीकडे अशा दोन-दोन त्रुटी धरून, तिचा खरा आकडा साधारण ३.८ ते ५.४ मध्ये कुठेही असू शकतो. एमएसपीएसएससाठी ३ च्या खाली कमी, ३ ते ५ मध्यम, ५ च्या वर जास्त असे गट सुचवलेले आहेत. या मुलीला तुम्ही कोणत्या गटात टाकणार? गटाच्या सरासरीबद्दल बोला. एकेका मुलाच्या कपाळावर ‘कमी आधार’ असा शिक्का मारायला हा आकडा पुरेसा धारदार नाही.

तीन घटक निघतात का?

एकच नमुना असेल आणि २०० च्या आसपास असेल, तर मी शोधक विश्लेषण (आकड्यांतून घटक शोधून काढणं) सोडून सरळ पुष्टीकारक विश्लेषण (आधी मांडलेले घटक आकड्यांत बसतात का ते तपासणं) करायला सांगते. तीन घटकांची मांडणी १९८८ पासून समोर आहे, मग नव्याने शोधण्याचं नाटक कशाला? भाषांतर बरंच बदललं असेल आणि नमुना मोठा असेल तर अर्ध्यावर शोधक विश्लेषण करा. तिथे दोन सवयी मोडा. एक, आयगन मूल्य (त्या घटकाने किती फरक टिपला ते सांगणारा आकडा) १ च्या वर म्हणून घटक मोजणं. त्याने घटक जास्त निघतात, जॉन हॉर्न यांचं १९६५ चं समांतर विश्लेषण (खऱ्या आकड्यांची नुसत्या यादृच्छिक आकड्यांशी तुलना) त्याहून भरवशाचं. दोन, डोळे मिटून व्हेरिमॅक्स. व्हेरिमॅक्स घटकांना एकमेकांपासून तोडून काटकोनात उभं करतं. ज्याला घरून धीर मिळतो त्याला मित्र जोडणंही बरंचसं सोपं जातं, त्यामुळे इथले घटक एकमेकांशी संबंधित असणारच. घटकांना एकमेकांशी संबंधित राहू देणारं ऑब्लिमिन वापरा.

पुष्टीकारक विश्लेषणात एक, दोन आणि तीन घटकांची प्रतिमानं शेजारी शेजारी ठेवा. प्रतिमान बरोबर मांडलं की नाही याची सोपी खूण म्हणजे स्वातंत्र्यांश (प्रतिमानाने वापरलेले आकडे वजा जाता उरणारी संख्या, सॉफ्टवेअर ती दाखवतं) : बारा विधानांसाठी तीन घटकांना ५१, एका घटकाला ५४. दुसरा आकडा आला तर कुठेतरी रेघ जास्त किंवा कमी पडली आहे. प्रतिमान प्रत्यक्ष आकड्यांशी किती जुळतं ते सांगणाऱ्या तीन निर्देशांकांसाठी हू आणि बेंटलर यांचे १९९९ चे निकष सगळे वापरतात : सीएफआय ०.९५ च्या जवळ किंवा वर, आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा खाली, एसआरएमआर ०.०८ च्या आत. ते मैलाचे दगड आहेत, टोलनाका नाही. ०.९४ आला म्हणून सॉफ्टवेअर सुचवेल तशा त्रुटींच्या जोड्या जोडत सुटू नका. विधान १ आणि २ ची जोडी त्याच सारख्या सुरुवातीमुळे जोडावीशी वाटेल; जोडलीत तर कारण लिहा आणि न जोडलेल्या प्रतिमानाचे आकडेही द्या.

काही देशांतल्या भाषांतरांत तीनऐवजी दोनच घटक निघाले आहेत, खास व्यक्ती मित्रांत विरघळून गेलेली. आपल्याकडे ती घरच्यांत विरघळली तर मला नवल वाटणार नाही. तसं झालं तर घाबरून लपवू नका. बोलत्या चाचणीच्या नोंदी काढा आणि मुलांच्या डोळ्यांसमोर कोण आलं होतं ते बघा. त्या नोंदींचा उपयोग खरा इथे होतो.

इतर मापनांशी नातं

आधाराची मापनी एकटेपणाच्या मापनीशी उलट आणि आत्मसन्मानाशी सुलट जायला हवी. रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची मापनी सोबत द्यायला सुटसुटीत आहे. अपेक्षा मात्र माफक ठेवा. झिमेट यांच्या मूळ अभ्यासातही नैराश्याशी एकूण गुणांचा सहसंबंध उणे ०.२५ इतकाच होता. तुमचा उणे ०.३० आला तर हिरमुसू नका, उणे ०.८० आला तर मात्र दोन्ही मापन्या एकच गोष्ट विचारत नाहीत ना, ते तपासा. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ घेणार असाल तर तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. निनावी फॉर्ममध्ये त्याचं ‘हो’ उत्तर घरी जाऊन वाचलंत तर काय करणार, हे आधी ठरलेलं नसेल तर ती मापनी घेऊच नका.

पुन्हा एकदा तोच वर्ग

दोन ते चार आठवड्यांनी तीच मापनी पुन्हा भरून घ्यायची असते. निनावी फॉर्म जुळवायला सांकेतिक खूण लागते. मी पहिल्यांदा आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोबाइलचे शेवटचे दोन आकडे घेतले आणि पस्तावले. मुलांकडे दोन सिमकार्डं, कधी हा नंबर कधी तो. आणि काहींच्या आईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. पहिल्या फेरीत ‘स’, दुसऱ्या फेरीत ‘म’. कितीतरी फॉर्म जुळलेच नाहीत, दोन दुपारी मी अक्षरं ताडून बघण्यात घालवल्या. आता ‘आधारकार्डावरचं आईचं नाव’ अशी स्पष्ट सूचना आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस घेते. नुसता सहसंबंध देऊ नका, आयसीसीही द्या (दोन्ही वेळचे आकडे खरोखर सारखे आहेत का ते तो सांगतो). सगळ्यांचेच गुण एका अंकाने घसरले तरी सहसंबंध छान येतो.

मुली विरुद्ध मुलं, वसतिगृह विरुद्ध घर

प्रबंधात हा तक्ता सगळ्यांना हवा असतो. त्याआधी मापनी दोन्ही गटांत सारखीच चालते का ते बघावं लागतं. आधी घटकांची रचना सारखी, मग भार (विधानाचं घटकाशी नातं किती घट्ट) सारखे, मग स्थिरांक (विधानाच्या उत्तराची मूळ पातळी) सारखे अशा तीन पायऱ्या चढायच्या आणि प्रत्येक पायरीवर सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त घसरत नाही ना ते पाहायचं. चेउंग आणि रेन्सव्होल्ड यांची २००२ ची ही मर्यादा प्रचलित आहे. तिसरी पायरी ढासळली तर सरासऱ्यांची तुलना करू नका. कोणत्या विधानापाशी ढासळली ते शोधा. ‘अडचण’ ठेवली असती, तर माझी खात्री आहे, त्याच विधानापाशी ढासळली असती.

अहवालासोबत परिशिष्टात अंतिम मापनी तर असतेच. त्याखाली शब्दबदलांचा तक्ता जोडा. कोणता शब्द कधी बदलला, कोणाच्या बोलण्यावरून (‘तृतीय वर्ष, मुलगी, वसतिगृह’ एवढंच, नाव नाही), आणि त्याजागी काय आलं. माझ्या तक्त्यात विधान क्रमांक १ पुढे चार ओळी आहेत : खास व्यक्ती, विशेष व्यक्ती, जवळची व्यक्ती, हक्काचं माणूस. पाचव्या ओळीसाठी जागा मोकळी ठेवली आहे, कारण परवाच मालेगावहून आलेल्या एका मुलाने विचारलं, “हक्काचं म्हणजे ज्याच्यावर माझा हक्क, का ज्याचा माझ्यावर?”